फिनचा पट्टा तुटला तर

मालवण-तारकर्लीकडे ज्यांच्या घरी स्कुबाचा धंदा आहे, त्यांना संध्याकाळचं चित्र ठाऊक आहे. बोट लागते, सूट, मास्क आणि फिनचा ढीग अंगणात येतो, आणि धुणं आपल्याकडे. तर आज बोलूया त्या ढिगातल्या सगळ्यात स्वस्त वस्तूबद्दल, फिनच्या टाचेमागच्या पट्ट्याबद्दल.

काही फिनमध्ये पाय बुटासारखा पूर्ण आत जातो, त्यांना पट्टाच नसतो. दुसऱ्या प्रकारात टाच उघडी असते. रबरी बूट घालून पाय सरकवायचा आणि मागून पट्टा ओढून घ्यायचा. आपला विषय हा दुसरा प्रकार.

पहिल्यांदा पाण्यात उतरणारा पर्यटक स्वतः फारसा पोहत नाही. गाईड त्याला धरून नेतो, म्हणजे दोघांचा भार गाईडच्या पायांवर. प्रवाहाला ओढ असताना त्याची एक फिन निसटली, तर निम्मं बळ गेलं. म्हणून पट्टा तुटायची वाट बघायची नाही, आधीच ओळखायचा.

ओळखायचा कसा? पट्टा बहुतेकदा बक्कलजवळ, जिथे तो वळतो तिथेच जातो. धुताना तो भाग बोटांनी उलटा वाकवा आणि उजेडात बघा. सुकलेल्या चिखलासारख्या बारीक भेगा दिसल्या, रबर चिकट किंवा कडक लागलं, की त्याचे दिवस भरले. बक्कलही बघा. तिचं प्लॅस्टिक चिरलं असेल तर नवा पट्टा घालूनही उपयोग नाही.

चपलेच्या पट्ट्याला टाका घालतो तसा इथे घालू नका. सुईच्या भोकापासूनच रबर पुढे फाटतं. डिंकाचा जोडही ताणाखाली उघडतो. बोटीवर अचानक तुटला तर दोरी किंवा प्लॅस्टिकचा टाय बांधून किनाऱ्यापर्यंत यावं, पण त्यावर पुन्हा खाली उतरू नये.

नवा पट्टा आणायला जाताना जुना तुकडा आणि जमलं तर फिनच सोबत न्या. रुंदी आणि खाचा बक्कलेत बसायला हव्यात, सगळे पट्टे सगळ्यांना चालत नाहीत. बदलताना दोन्ही फिन एकदम उघडू नका. एक तशीच ठेवा, तिच्याकडे बघून दुसरी ओवा, म्हणजे खाचांची बाजू उलटी जात नाही. टोक अडलं तर साबणाचं पाणी लावा. दोन्ही बाजू सारख्या ओढा, बूट घालून ताण बघा. एक पट्टा गेला की दुसराही बदलावा, दोघांचं वय एकच असतं. निघालेला पट्टा बरा असेल तर बोटीवर जादा म्हणून राहू द्या.

रोज धंदा करणाऱ्यांनी स्टीलच्या स्प्रिंगचा पट्टा घ्यावा, असं माझं मत. महाग पडतो, पण बरीच वर्षं टिकतो आणि ओल्या हातांनी बक्कल आवळायची कटकट नाही. मात्र त्याची लांबी ठरलेली असते, म्हणून ज्याची फिन त्याचा बूट घालूनच माप बघायचं. आणि स्टील आहे म्हणून धुणं चुकत नाही. स्प्रिंगच्या वेढ्यांत वाळू अडकते.

आता रबराचे शत्रू: ऊन, खारं पाणी आणि आपलं खोबरेल. हो, खोबरेल! रबर मऊ राहावं म्हणून तेल चोळलं तर ते फुगतं आणि कमजोर होतं. व्हॅसलिनही नको. गोड्या पाण्यात भिजवून सावलीत वाळवणं पुरे. पट्ट्याला धरून फिन खुंटीवर टांगू नका, तिचं वजन रात्रभर पट्ट्यावर येतं. पावसाळ्यात धंदा बंद असतो तेव्हा बक्कल सैल करून फिन आडव्या ठेवा, आणि हंगामाची पहिली बोट सुटण्याच्या आठवडाभर आधी प्रत्येक पट्टा वाकवून बघा, म्हणजे नवा आणायला वेळ राहील.