चित्रपट पुनरुज्जीवनासाठीचे वर्कस्टेशन

जुन्या चित्रपटाच्या स्कॅन केलेल्या प्रतिमांवरील ओरखडे, डाग व लुकलुक काढून त्याची अंतिम प्रत सिद्ध करण्यासाठी वापरला जाणारा उच्च क्षमतेचा संगणक म्हणजे पुनरुज्जीवनाचे वर्कस्टेशन होय. पुणे येथे १९६४ साली स्थापन झालेल्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयातील जुन्या चित्रपटांचे डिजिटलीकरण व पुनरुज्जीवन राष्ट्रीय चित्रपट वारसा अभियानाअंतर्गत केले जाते.

अशा संगणकाच्या निवडीत प्रक्रियकाइतकाच साठवणीचा वेग निर्णायक ठरतो. ३५ मिमी फिल्मच्या ४०९६×३११२ बिंदूंच्या, १० बिट डीपीएक्स स्वरूपातील एका प्रतिमेस सुमारे ५१ मेगाबाइट जागा लागते. सेकंदास २४ प्रतिमा या हिशोबाने दर सेकंदाला सुमारे १.२ गिगाबाइट माहिती वाचावी लागते. एका तासाच्या चित्रपटास सुमारे ४.४ टेराबाइट जागा लागते. साटा जोडणीच्या ड्राइव्हचा वेग सेकंदास ६०० मेगाबाइटच्या आत असल्याने एनव्हीएमई ड्राइव्ह किंवा अनेक डिस्कांचा रेड संच वापरतात. वेग अपुरा पडल्यास दृश्य अडखळते आणि दोष फिल्ममधील की संगणकाचा, हे ओळखता येत नाही.

याखेरीज ग्राफिक्स कार्डाची पुरेशी मेमरी व रंगांचे अचूक मापन केलेला मॉनिटर आवश्यक असतो. मूळ स्कॅनच्या प्रती स्वतंत्र ठेवतात, कारण जीर्ण फिल्म पुन्हा स्कॅन करता येईलच असे नसते.