अमेरिकन कोणाला म्हणावे? : नागरिकत्वाचा इतिहास आणि राष्ट्रीय अस्मिता

युरोपातील बहुतेक राष्ट्रांनी आपली ओळख भाषा, वंश किंवा राजघराणे यांच्या आधारे सांगितली. अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांना हा मार्ग सोयीचा नव्हता. १७७६ मध्ये स्वातंत्र्य जाहीर करणाऱ्या तेरा वसाहतींतील बहुसंख्य गोरा समाज ज्या इंग्रजांविरुद्ध लढत होता, त्यांचीच भाषा बोलत होता व त्यांचेच कायदे मानत होता. त्यामुळे नव्या राष्ट्राने आपली ओळख तत्त्वांवर उभी केली. सर्व माणसे समान आहेत आणि राज्यसत्ता लोकांच्या संमतीने चालते, हे मानणारा तो अमेरिकन, अशी ती व्याख्या होती. आपल्याकडील अनेक पाठ्यपुस्तके येथेच थांबतात. परंतु त्याच पिढीने १७९० मध्ये परकीयांना नागरिकत्व देण्याचा पहिला कायदा केला, तेव्हा ही सवलत केवळ 'स्वतंत्र गोऱ्या व्यक्ती'पुरती ठेवली. तत्त्वाची व्याख्या आणि वर्णाची व्याख्या अशा दोन व्याख्या पुढे दीडशेहून अधिक वर्षे शेजारी शेजारी नांदल्या. अमेरिकन राष्ट्रीय अस्मितेचा इतिहास हा मुख्यतः या दोहोंतील झगड्याचा इतिहास आहे.

१७८७ च्या राज्यघटनेत नागरिक कोण हे स्पष्ट केलेले नव्हते. १७९० च्या पहिल्या जनगणनेत सुमारे ३९ लाख लोकांची नोंद झाली. त्यांपैकी जवळजवळ ७ लाख गुलाम होते. त्यांचे स्थान काय, हा प्रश्न टाळला गेला. १८५७ मध्ये ड्रेड स्कॉट या गुलामाच्या खटल्यात सरन्यायाधीश टॅनी यांनी त्याचे उत्तर दिले : आफ्रिकी वंशाची व्यक्ती, मग ती स्वतंत्र का असेना, संयुक्त संस्थानांची नागरिक होऊ शकत नाही. हा निकाल उलटवण्यासाठी १८६१ ते १८६५ चे यादवी युद्ध आणि सहा लाखांहून अधिक मृत्यू घडावे लागले. १८६८ च्या चौदाव्या घटनादुरुस्तीने प्रथमच व्याख्या दिली. अमेरिकेच्या भूमीवर जन्मलेली आणि तिच्या अधिकारक्षेत्रात असलेली प्रत्येक व्यक्ती नागरिक ठरली.

या घटनेचे पडसाद महाराष्ट्रातही उमटले. महात्मा जोतीराव फुले यांनी १८७३ मध्ये प्रसिद्ध केलेला 'गुलामगिरी' हा ग्रंथ, गुलामांच्या मुक्तीसाठी झटलेल्या अमेरिकेतील सदाचारी लोकांना अर्पण केला. ही अर्पणपत्रिका आपल्याकडे सर्वपरिचित आहे. मात्र त्याच १८७३ सालच्या एप्रिल महिन्यात अमेरिकेत काय घडत होते, हे क्वचितच सांगितले जाते. लुइझियाना राज्यातील कोलफॅक्स येथे सशस्त्र गोऱ्या जमावाने अनेक कृष्णवर्णीयांची कत्तल केली, आणि दुसऱ्याच दिवशी सर्वोच्च न्यायालयाने 'स्लॉटरहाउस' खटल्यांत चौदाव्या दुरुस्तीचा अर्थ फार संकुचित करून टाकला. फुले यांनी ज्या अमेरिकेला अभिवादन केले ती खरी होती. पण ती एकटी नव्हती.

१८७० मध्ये नागरिकत्वाचा कायदा सुधारण्याचा प्रसंग आला. सिनेटर चार्ल्स समनर यांनी 'गोरा' हा शब्दच काढून टाकण्याची सूचना मांडली. चिनी मजुरांना नागरिकत्व मिळेल या भीतीने ती फेटाळली गेली आणि केवळ आफ्रिकी वंशाच्या लोकांची भर घालण्यात आली. यातून एक विचित्र स्थिती निर्माण झाली. अमेरिकेत जन्मलेले मूल जन्माने नागरिक, पण त्याचे चिनी आईबाप मात्र कधीही नागरिक होऊ न शकणारे. १८७३ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत जन्मलेल्या वाँग किम आर्क याला चीनहून परतताना बंदरातच अडवण्यात आले, तेव्हा १८९८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्याचा जन्मसिद्ध हक्क मान्य केला. तरीही १९०१ मध्ये टेक्सासमधील एल पासो येथे त्याला पुन्हा आपले नागरिकत्व सिद्ध करावे लागले. या भूमीच्या मूळ रहिवाशांची गत तर याहून चमत्कारिक : त्यांतील सर्वांना नागरिकत्व मिळण्यास १९२४ साल उजाडले.

बाहेरून येणाऱ्यांबाबत 'गोरा' म्हणजे कोण, हे ठरवण्याचे काम न्यायालयांवर आले. त्यांतील दोन निकाल वर्गात एकत्र वाचण्यासारखे आहेत. ताकाओ ओझावा हे जपानी गृहस्थ वीस वर्षे अमेरिकेत राहिलेले, तेथेच शिकलेले, घरात इंग्रजी बोलणारे. तत्त्वाच्या व्याख्येत ते पूर्णपणे बसत होते. नोव्हेंबर १९२२ मध्ये न्यायालयाने सांगितले की, गोरा म्हणजे कॉकेशियन वंशाचा. जपानी तसे नाहीत. पंजाबातून आलेले आणि पहिल्या महायुद्धात अमेरिकन सैन्यात भरती झालेले भगतसिंग थिंद यांनी नेमका याच शास्त्राचा आधार घेतला : तत्कालीन वंशशास्त्र उत्तर भारतीयांना कॉकेशियन मानते, तेव्हा आपण पात्र आहोत. अवघ्या तीन महिन्यांनी, फेब्रुवारी १९२३ मध्ये, त्याच न्यायालयाने शास्त्र बाजूला ठेवले आणि 'गोरा' शब्दाचा अर्थ सर्वसामान्य माणूस जो समजतो तोच, असे ठरवले. दोन्ही निकाल लिहिणारे न्यायमूर्ती जॉर्ज सदरलंड हे स्वतः इंग्लंडमध्ये जन्मलेले होते.

थिंद यांच्या बाजूने केलेल्या युक्तिवादाचा एक भाग भारतीय वाचकाला अस्वस्थ करणारा आहे. अमेरिकन गोरा कृष्णवर्णीयाकडे ज्या दृष्टीने पाहतो, त्याच दृष्टीने उच्चवर्णीय हिंदी माणूस येथील आदिवासींकडे पाहतो, असे न्यायालयास सांगण्यात आले. म्हणजे फुले यांनी अमेरिकेत जातिमुक्तीचे उदाहरण पाहिले, तर पन्नास वर्षांनी जातीचा अहंकार अमेरिकन होण्याची पात्रता म्हणून पुढे करण्यात आला.

निकालानंतर आधीच नागरिक झालेल्या अनेक भारतीयांचे नागरिकत्व रद्द करण्यात आले. कॅलिफोर्नियात अपात्र परकीयांना शेतजमीन घेता येत नसे, त्यामुळे पोटापाण्याचा प्रश्नही उभा राहिला. सॅन फ्रान्सिस्कोतील व्यापारी वैष्णो दास बगाई यांनी सर्वस्व अमेरिकेला वाहिले होते. नागरिकत्व हिरावले गेल्यानंतर, १९२८ मध्ये त्यांनी आत्महत्या केली.

कायद्यात धर्माचा उल्लेख नव्हता, तरी तो निकालपत्रांत शिरलाच. १९१५ मध्ये सीरियातून आलेले ख्रिस्ती जॉर्ज डाऊ गोरे ठरले. १९४२ मध्ये मिशिगनच्या न्यायालयाने येमेनचे अरब अहमद हसन यांचा अर्ज फेटाळताना त्वचेच्या रंगाबरोबरच मुस्लिम जग आणि ख्रिस्ती युरोप यांतील सांस्कृतिक अंतराचे कारण दिले. दोनच वर्षांनी मॅसॅच्युसेट्समधील न्यायालयाने मोहम्मद मोहरीझ या अरबाला पात्र ठरवले. अरबांनी ग्रीक विद्या युरोपपर्यंत पोहोचवली, बीजगणित व वैद्यकात भर घातली, असे न्यायमूर्ती वायझॅन्स्की यांनी नमूद केले. वंशबहिष्काराचे धोरण अमेरिकेच्या जागतिक हिताला बाधक आहे, हेही सांगितले.

हे दुसरे कारण अधिक निर्णायक ठरले असे म्हणावे लागते. हिटलरविरुद्ध लढणाऱ्या राष्ट्राला स्वतःचे वांशिक कायदे अडचणीचे होऊ लागले. १९४३ मध्ये चिनी लोकांना, १९४६ मध्ये भारतीयांना नागरिकत्वाचा मार्ग मोकळा झाला. भारतीयांचा प्रवेशाचा वार्षिक कोटा मात्र केवळ १०० होता. १९५२ मध्ये नागरिकत्वातील वंशाची अट गेली, १९६५ मध्ये राष्ट्रनिहाय कोटा रद्द झाला. दलीपसिंग सौंद १९४९ मध्ये नागरिक झाले आणि १९५६ मध्ये काँग्रेसवर निवडून आले.

'स्थलांतरितांचे राष्ट्र' ही आज प्रचलित असलेली ओळख याच काळात रुजली. केनेडी यांचे त्या नावाचे पुस्तक १९५८ चे. एलिस बेटावरील स्थलांतरित केंद्र १९५४ मध्ये बंद झाले आणि १९९० मध्ये तेथे संग्रहालय उघडले. जी दारे एकेकाळी बंद केली, त्यांचेच स्मारक झाले. गुलामगिरीला राष्ट्रकथेच्या केंद्रस्थानी ठेवणारा २०१९ चा '१६१९ प्रकल्प' आणि त्याला उत्तर म्हणून २०२० मध्ये नेमलेला '१७७६ आयोग' यांतील वाद हा त्याच जुन्या दोन व्याख्यांचा आहे.

जानेवारी २०२५ मध्ये राष्ट्राध्यक्ष ट्रम्प यांनी बेकायदा अथवा तात्पुरत्या वास्तव्यास असलेल्या मातापित्यांच्या अपत्यांना जन्मसिद्ध नागरिकत्व नाकारणारा आदेश काढला. कनिष्ठ न्यायालयांनी त्याला स्थगिती दिली आणि वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. आदेशाला आव्हान देणाऱ्यांनी मुख्य आधार घेतला तो वाँग किम आर्कच्या १८९८ च्या निकालाचा.