सांगितलेले पोहोचले का?

कामाच्या ठिकाणचे संवादकौशल्य म्हटले की अस्खलित इंग्रजी, आत्मविश्वासाने केलेले सादरीकरण आणि मुलाखतीतील हजरजबाबीपणा एवढेच बहुतेकांच्या मनात येते, आणि व्यक्तिमत्त्व विकासाचे वर्गही प्रामुख्याने तेच शिकवतात. नोकरी मिळवताना या गोष्टींचा उपयोग होतो, हे खरेच. परंतु नोकरी लागल्यावर पुढची तीस-पस्तीस वर्षे जो संवाद करावा लागतो, त्याची कसोटी निराळी असते. तिथे सांगितलेली गोष्ट समोरच्यापर्यंत जशीच्या तशी पोहोचली का, तिच्यातली चूक कोणाच्या लक्षात आली का, आणि ज्याच्या लक्षात आली त्याला ती बोलून दाखवता आली का, यावर काम तडीस जाते किंवा फसते. ज्या क्षेत्रांत फसलेल्या संवादाची किंमत प्राणांनी मोजावी लागते, त्या विमानवाहतूक, रेल्वे आणि शस्त्रक्रिया या क्षेत्रांनी या प्रश्नाचा सर्वांत कसून विचार केला आहे. म्हणून कचेरीतल्या किंवा कारखान्यातल्या संवादाचा विचार करणाऱ्यानेही आधी त्यांच्याकडेच पाहणे योग्य ठरते.

२७ मार्च १९७७ रोजी स्पेनच्या कॅनरी बेटांपैकी टेनेरिफ या बेटावरील लॉस रोदेओस विमानतळावर केएलएम आणि पॅन अ‍ॅम या कंपन्यांची दोन बोइंग ७४७ विमाने धावपट्टीवरच एकमेकांवर आदळली आणि ५८३ माणसे मृत्युमुखी पडली. विमान अपघातांच्या इतिहासात एवढी प्राणहानी दुसऱ्या कोणत्याही अपघातात झालेली नाही. दोन्ही विमाने सुस्थितीत होती. शेजारच्या बेटावरील विमानतळावर बॉम्बस्फोट झाल्यामुळे ती या लहानशा विमानतळावर वळवण्यात आली होती, दाट धुके उतरले होते, आणि कामाच्या तासांवरील कडक मर्यादेमुळे केएलएमच्या वैमानिकांना निघण्याची घाई होती. धावपट्टीच्या टोकाला उभ्या असलेल्या केएलएमच्या सहवैमानिकाने नियंत्रण कक्षाला, आपण आता टेकऑफवर आहोत, अशा अर्थाचे एक संदिग्ध वाक्य सांगितले. त्यातून नियंत्रकाला वाटले की विमान उड्डाणाच्या जागी थांबलेले आहे. प्रत्यक्षात ते धावू लागले होते. नियंत्रकाने होकारार्थी ‘ओके’ म्हणून, क्षणभर थांबून, पुढे थांबण्याची सूचना दिली. त्याच वेळी पॅन अ‍ॅमच्या वैमानिकांनी आपण अजून धावपट्टीवरच असल्याचे सांगितले. हे दोन संदेश रेडिओवर एकमेकांवर आदळले आणि केएलएमच्या कॉकपिटमध्ये ‘ओके’नंतर ऐकू आली ती मुख्यतः एक कर्कश शिट्टी.

या अपघातानंतर नियम कडक झाले. ‘टेकऑफ’ हा शब्द प्रत्यक्ष उड्डाणाची परवानगी देताना किंवा ती रद्द करतानाच उच्चारायचा, इतर वेळी ‘डिपार्चर’ म्हणायचे. आणि महत्त्वाच्या सूचनेला नुसते ‘ओके’ किंवा ‘समजले’ असे उत्तर न देता ती सूचना पुन्हा उच्चारून दाखवायची, अशी शिस्त जगभर लागू झाली. या पुनरुच्चाराला ‘रीडबॅक’ म्हणतात. सांगणाऱ्याने सांगितले, ऐकणाऱ्याने ते परत म्हणून दाखवले आणि सांगणाऱ्याने ते बरोबर असल्याचा निर्वाळा दिला, हे तीन टप्पे झाले तरच संदेश पोहोचला असे मानायचे, ही त्यामागची भूमिका आहे. या भूमिकेत संदेश पोहोचवण्याची जबाबदारी अखेरपर्यंत सांगणाऱ्याकडेच राहते. आपण सांगून मोकळे झालो, असे त्याला म्हणता येत नाही.

हीच जाण भारतीय रेल्वेच्या कामकाजात फार पूर्वीपासून रुजलेली आहे. ज्या फाटकाचे सिग्नलशी यांत्रिक बंधन नसते, तिथे गाडी सोडण्यापूर्वी स्टेशन मास्तर गेटमनला फोन करून गाडीची माहिती देतो. गेटमन फाटक बंद करून कुलूप घालतो आणि त्यानंतरच आपल्याजवळच्या छापील तक्त्यातील एक क्रमांक स्टेशन मास्तरला सांगतो. या क्रमांकाला ‘प्रायव्हेट नंबर’ म्हणतात. वापरलेला क्रमांक तक्त्यात खोडला जातो, तोच क्रमांक स्टेशन मास्तरच्या नोंदवहीत चढतो, आणि ‘फाटक बंद केले’ या तोंडी आश्वासनाला पुराव्याचे वजन येते. इंजिनात बसलेले लोको पायलट आणि सहायक लोको पायलट पुढचा सिग्नल दिसताच त्याची स्थिती मोठ्याने उच्चारून एकमेकांना सांगतात. जपानच्या रेल्वेत बोटाने निर्देश करून मोठ्याने उच्चारण्याची हीच पद्धत अधिक कटाक्षाने पाळली जाते, आणि तेथील रेल्वे तांत्रिक संशोधन संस्थेने १९९४ मध्ये केलेल्या प्रयोगात, साध्या कामांतील चुका या पद्धतीमुळे जवळपास ८५ टक्क्यांनी कमी झाल्याचे आढळले.

याउलट सर्वसाधारण कचेऱ्यांत काय घडते ते पाहण्यासारखे आहे. कागदावर ‘आवश्यक ती कार्यवाही व्हावी’ असा शेरा मारला जातो. ती कोणी करायची, कोणत्या तारखेपर्यंत करायची आणि झाल्यावर कोणाला कळवायचे, यांपैकी काहीच त्यात नसते. बैठकीत ‘लवकरात लवकर’ असे ठरते, आणि प्रत्येक जण आपापल्या सोयीने त्याचा अर्थ लावतो. वरिष्ठांनी फोनवर चार कामे सांगितली की पलीकडून ‘हो सर, करून टाकतो’ असे उत्तर येते आणि फोन ठेवला जातो. व्हॉट्सअ‍ॅपच्या गटात टाकलेल्या सूचनेपुढे निळ्या खुणा उमटल्या की ती सर्वांना समजली असे गृहीत धरले जाते, वास्तविक त्या खुणेतून संदेश उघडला गेला एवढेच कळते. मग आठवड्याने ‘मी तर सांगितलं होतं’ आणि ‘मला वाटलं ते तुम्ही बघताय’ ही दोन वाक्ये समोरासमोर उभी राहतात. हा बेफिकीर माणसांचा दोष असतोच असे नाही. बहुतेक वेळा दोन्ही बाजूंची माणसे प्रामाणिक असतात. उणीव असते ती उलट उच्चारून घेण्याच्या सवयीची. सूचना देणाऱ्याने ‘समजलं ना?’ असे विचारण्याऐवजी ‘आता काय काय करायचे ते एकदा सांगा बरे’ असे विचारले, तर पुढचा बराच घोळ तिथेच टळतो. कारण पहिल्या प्रश्नाला नकार देणे कनिष्ठाला जवळजवळ अशक्य असते, तर दुसऱ्याचे उत्तर दिले की गैरसमज आपोआप उघडा पडतो.

मात्र शब्दांची शिस्त लावून प्रश्न संपत नाही, आणि टेनेरिफच्या अपघाताचा अधिक खोल धडा याच्या पुढे आहे. केएलएमच्या विमानाचे कप्तान याकोब फेल्डहाउझेन फान झांटन हे कंपनीतील अत्यंत प्रतिष्ठित वैमानिक होते. ७४७ विमानांच्या वैमानिकांच्या प्रशिक्षणाची धुरा त्यांच्याकडे होती, आणि कंपनीच्या जाहिरातीत त्यांचे छायाचित्र झळकले होते. धावपट्टीच्या टोकाला विमान वळताच त्यांनी इंजिनांचा वेग वाढवायला सुरुवात केली, तेव्हा सहवैमानिकाने परवानगी अजून मिळाली नसल्याचे त्यांच्या लक्षात आणून दिले आणि ते थांबले. काही क्षणांनी परवानगीविना विमान खरोखरच धावू लागले, तेव्हा तोच सहवैमानिक मात्र गप्प राहिला. ज्याने एकदा वरिष्ठाची चूक दाखवली आहे, त्याला लगेच दुसऱ्यांदा ती दाखवणे किती जड जाते, हे नोकरी केलेल्या कोणालाही सांगावे लागणार नाही. त्यानंतर फ्लाइट इंजिनिअरने, पॅन अ‍ॅमचे विमान धावपट्टीवरून बाजूला झाले नाही का, अशी शंका विचारली. कप्तानांनी ठामपणे ते झाल्याचे सांगितले आणि विषय तिथेच संपला. म्हणजे अपघात टाळू शकेल अशी शंका त्या कॉकपिटमध्ये प्रत्यक्ष उच्चारली गेली होती. ती प्रश्नाच्या रूपात, अदबीने उच्चारली गेली, आणि ती ऐकणाऱ्याला स्वतःच्या ज्ञानाविषयी तिळमात्र शंका नव्हती.

पुढच्याच वर्षी, २८ डिसेंबर १९७८ रोजी, अमेरिकेतील पोर्टलंड शहराजवळ युनायटेड कंपनीचे विमान इंधन संपून कोसळले आणि दहा जण मरण पावले. कप्तान चाकांच्या बिघाडात गुंतले होते. इंधन घटत असल्याचे सहकाऱ्यांनी सांगितले होते, पण ते निकराने, ‘आता उतरलेच पाहिजे’ अशा स्पष्टपणे सांगितले गेले नाही. या घटनांच्या पार्श्वभूमीवर १९७९ मध्ये नासाने कार्यशाळा घेतली आणि १९८१ मध्ये युनायटेडने कॉकपिटमधील सर्वांच्या एकत्रित कामाचे प्रशिक्षण सुरू केले. ‘क्रू रिसोर्स मॅनेजमेंट’ या नावाने ते पुढे जगभर रूढ झाले. कप्तानाचा अंतिम निर्णयाचा अधिकार या प्रशिक्षणाने काढून घेतला नाही. कनिष्ठाने शंका स्पष्ट आणि पुन्हा पुन्हा मांडणे हे त्याचे कर्तव्य, आणि वरिष्ठाने ती मागून घेणे हे वरिष्ठाचे कर्तव्य, अशी दोन्ही बाजूंची शिस्त त्याने घालून दिली.

तिचे फळ १९ जुलै १९८९ रोजी दिसले. युनायटेडच्याच फ्लाइट २३२ च्या शेपटीतील इंजिन फुटले आणि विमानाची दिशा वळवणाऱ्या तिन्ही हायड्रॉलिक यंत्रणा निकामी झाल्या. अशा विमानाचे काय करायचे याची सूचना कोणत्याही पुस्तकात नव्हती. कप्तान अल हेन्स यांनी प्रवासी म्हणून बसलेल्या डेनिस फिच या प्रशिक्षक वैमानिकालाही कॉकपिटमध्ये घेतले, आणि चौघांनी मिळून केवळ उरलेल्या दोन इंजिनांचा जोर कमी-जास्त करत विमान सू सिटीच्या धावपट्टीपर्यंत आणले. २९६ पैकी ११२ जण दगावले, १८४ वाचले. यंत्रांच्या दृष्टीने पाहता एकही वाचण्याची आशा नव्हती. हेन्स यांनी पुढे आयुष्यभर या यशाचे श्रेय त्या प्रशिक्षणाला आणि सहकाऱ्यांना दिले. व्यक्तिगत उत्कृष्टता म्हणजे काय, याचा विचार करताना हे दोन कप्तान शेजारी ठेवून पाहावेत. कौशल्यात फान झांटन तसूभरही कमी नव्हते. परंतु त्यांच्या थोरवीमुळे शेजारी बसलेल्यांची जीभ जड झाली, आणि हेन्स यांच्या थोरवीमुळे शेजाऱ्यांची बुद्धी मोकळी झाली.

हार्वर्ड विद्यापीठातील अभ्यासक एमी एडमंडसन यांनी या मोकळेपणाला ‘मानसिक सुरक्षितता’ असे नाव रूढ केले. शंका विचारली, चूक कबूल केली किंवा विरोधी मत मांडले तर अपमान किंवा शिक्षा वाट्याला येणार नाही, हा गटातील सर्वांचा विश्वास, असा तिचा अर्थ आहे. रुग्णालयांतील परिचारिकांच्या गटांचा अभ्यास करताना त्यांना आढळले की ज्या गटांत एकमेकांशी संबंध चांगले आणि प्रमुख समंजस, तिथे औषधांच्या चुकांची नोंद अधिक होती. तेथील माणसे चुका अधिक करत नव्हती, तर झालेल्या चुका लपवत नव्हती. ज्या खात्याच्या अहवालात कधीच काही चुकलेले नसते, त्याच्या प्रमुखाने समाधान मानण्याऐवजी चिंता करावी, हे यावरून स्पष्ट होते.

शस्त्रक्रियागृहात हा विचार नेण्याचे मोठे श्रेय डॉ. अतुल गवांदे यांचे आहे. त्यांचे वडील यवतमाळ जिल्ह्यातील उमरखेड तालुक्यातल्या उटी गावचे. डॉ. गवांदे यांच्या नेतृत्वाखाली जागतिक आरोग्य संघटनेने २००८ मध्ये शस्त्रक्रियेसाठी १९ बाबींची तपासयादी तयार केली. भूल देण्यापूर्वी, पहिला छेद घेण्यापूर्वी आणि रुग्णाला बाहेर नेण्यापूर्वी, असे तीन वेळा सर्वांनी थांबून ती मोठ्याने वाचायची असते. खोलीतील प्रत्येकाने आपले नाव आणि काम सांगायचे, ही त्यातलीच एक बाब. ज्याने सुरुवातीला एकदा तोंड उघडले आहे, त्याला पुढे ‘थांबा, काहीतरी चुकतंय’ म्हणणे सोपे जाते, हे त्यामागचे इंगित आहे. दिल्लीसह आठ शहरांतील रुग्णालयांत केलेल्या पाहणीत मृत्यूचे प्रमाण १.५ टक्क्यांवरून ०.८ टक्क्यांवर आणि गंभीर गुंतागुंतीचे प्रमाण ११ वरून ७ टक्क्यांवर आल्याचे २००९ मध्ये प्रसिद्ध झाले. परंतु कॅनडाच्या ओंटारियो प्रांतात हीच यादी १०१ रुग्णालयांत वापरात आल्यावर असा लक्षणीय फरक दिसला नाही, असे २०१४ मधील अभ्यासाने दाखवले. याच्या कारणांवर वाद आहे. पण यादीवर खुणा करणे आणि खोलीतील माणसांनी खरोखर थांबून एकमेकांशी बोलणे यांत अंतर राहते, हा आक्षेप अनेकांनी घेतला आणि तो रास्त वाटतो.

बोलायचे कसे, यासाठीही रुग्णालयांत एक साधी पद्धत वापरली जाते. मूळ अमेरिकी नौदलाच्या पाणबुड्यांवरील या पद्धतीत सद्यस्थिती, पार्श्वभूमी, स्वतःचा अंदाज आणि मागणी या चार गोष्टी याच क्रमाने सांगायच्या असतात. रात्रपाळीच्या सिस्टरने डॉक्टरांना फोन करून ‘सर, सात नंबरचे पेशंट जरा बरे वाटत नाहीत’ एवढेच म्हटले, तर झोपेतले डॉक्टर ‘बघू सकाळी’ म्हणण्याची शक्यता असते. तिने ‘सर, सात नंबरच्या पेशंटचं ब्लड प्रेशर अर्ध्या तासात १२० वरून ९० वर आलंय, आज दुपारीच त्यांचं पोटाचं ऑपरेशन झालंय, मला आतून रक्तस्राव होत असावा असं वाटतं, तुम्ही आत्ता येऊन बघावं’ असे म्हटले, तर त्या फोनवर निर्णय घेणे भागच पडते. यातला तिसरा आणि चौथा भाग सर्वांत अवघड. कनिष्ठाने अंदाज बांधू नये आणि वरिष्ठाकडे काही मागू नये, ही आपल्याकडची जुनी रीत त्याच्या आड येते, आणि म्हणून तो सराव करून घ्यावा लागतो.

महाराष्ट्रातील महाविद्यालयांत मुलाखत आणि गटचर्चा यांचे सराव आज सर्रास घेतले जातात. त्यांच्याच जोडीला सूचना उलट म्हणून दाखवणे, पाळी संपताना काम दुसऱ्याच्या हाती सोपवणे आणि वरिष्ठाला त्याची चूक नीट सांगणे, या तीन गोष्टींचे सरावही अभ्यासक्रमात आणले जावेत. कचेऱ्यांच्या आणि कारखान्यांच्या प्रमुखांनी तर अभ्यासक्रमाची वाट पाहण्याचे कारण नाही. पुढच्या बैठकीत आपले मत सर्वांत शेवटी सांगावे, आणि त्याआधी सर्वांत कनिष्ठ माणसाला त्याचे मत विचारावे.