डबल बेल

सकाळी साडेसात

फाटक उघडलं की पहिल्यांदा नाकात शिरतो तो खाजणाचा वास. चिखल, मीठ, कुजलेलं गवत. भरतीची वेळ मी घरूनच बघून निघते, ही इथल्या जुन्या माणसांकडून लागलेली सवय. 2011 च्या ऑगस्टमध्ये आयरीन वादळाचं पाणी इथल्या कारशेडमध्ये शिरलं, आणि 2012 च्या ऑक्टोबरमध्ये सँडीचं. ट्रामच्या मोटारी डब्याच्या पोटाखाली, चाकांना लगटून असतात, म्हणजे पाणी आलं की सगळ्यात आधी त्याच बुडतात. खारं पाणी तांब्याच्या वेटोळ्यांत एकदा मुरलं की ती मोटार उतरवून, खोलून, धुऊन, सुकवून पुन्हा बांधावी लागते. आता नव्या शेड उंचावर बांधल्या आहेत. तरी मी भरती बघते.

हे ईस्ट हेवन, अमेरिकेतल्या कनेक्टिकट राज्यात, न्यू हेवन शहराला लागून. इथल्या शोअर लाइन ट्रॉली म्युझियममध्ये मी रविवारी मोटरमन असते. ट्रॉली म्हणजे आपली ट्राम. मोटरमन, कंडक्टर, डबे रंगवणारे, रुळांवरचं गवत काढणारे, आम्ही बहुतेक सगळे बिनपगारी. आज आई सोबत आली आहे. दादरहून येऊन तिला पंधरा दिवस झाले, आणि दर रविवारी मी पहाटे उठून कुठे जाते हे तिला स्वतः बघायचं होतं.

सकाळी आठ

आईला बाकावर बसवून मी डब्याखाली वाकते. ब्रेकचे ठोकळे किती झिजलेत, बेअरिंगमध्ये तेल आहे का, वाळूच्या पेटीत वाळू कोरडी आहे का. ओल्या पानांवर चाकं घसरली तर ही वाळूच कामाला येते. मग मागे जाऊन दोरी सोडायची आणि टपावरचा लांब दांडा तारेला लावायचा. तारेत सहाशे व्होल्ट. वीज दांड्यातून उतरते, मोटारी फिरवते आणि रुळांतून परत जाते. दांडा तारेला लागला की क्षणभर काहीच होत नाही, मग पोटाखालचा कॉम्प्रेसर धडधडायला लागतो आणि अख्खा लाकडी डबा किंचित थरथरतो. काट्याने हवेचा दाब पुरेसा दाखवला की ब्रेक लावून, सोडून बघायचा. दोनदा. मी तिसऱ्यांदाही बघते.

"आवाज तोच आहे गं," आई बाकावरून म्हणाली. तिने डोळे मिटले होते.

साडेनऊला त्या दिवशीच्या प्रमुखापाशी सगळ्यांनी जमायचं, घड्याळं जुळवायची, कोणती गाडी कुठे थांबेल ते ऐकायचं. मार्ग एकेरी आहे, तेव्हा इथे लक्ष उडवून चालत नाही.

सकाळी साडेदहा

पहिली फेरी. दीडेक मैलाचा मार्ग, ईस्ट हेवनपासून ब्रॅनफर्डच्या शॉर्ट बीचपर्यंत. 1900 साली सुरू झालेल्या खऱ्याखुऱ्या मार्गाचाच हा तुकडा. कनेक्टिकट कंपनीच्या गाड्या 1947 पर्यंत इथून धावल्या. त्या बंद पडणार हे दिसत असताना 1945 मध्येच काही ट्रामवेड्यांनी संस्था काढली होती, आणि कंपनीने हात काढून घेताच मार्ग तिच्या ताब्यात आला. शेजारच्या न्यू हेवनमधली उरलेली ट्राम पुढच्याच वर्षी बंद झाली. म्हणून मला ही जागा निव्वळ संग्रहालय वाटत नाही. वस्तू इथे आणून मांडलेल्या आहेतच, पण त्यांच्याखालचा रूळ मुळापासून इथलाच आहे.

मागून कंडक्टर दोरी ओढतो: टिंग टिंग. निघा. एक टोला म्हणजे थांबा. मुंबईच्या बसमध्ये वाढलेल्या माणसाला हे शिकवावं लागत नाही. पहिल्या दिवशी मला नियमावलीतला तेवढा भाग समजावून सांगत होते, तेव्हा माझ्या कानात बेस्टच्या कंडक्टरची डबल बेल वाजत होती.

डाव्या हाताशी कंट्रोलर, उजव्या हाताशी हवेचा ब्रेक, पायाशी घंटा. कंट्रोलरच्या पहिल्या नॉचवर, म्हणजे खाचेवर, मोटारी एकीमागे एक जोडलेल्या असतात आणि विजेच्या वाटेत लोखंडी रोधकांच्या जाळ्या असतात. नॉच पुढे सरकवत गेलं की एकेक जाळी वाटेतून बाजूला होते. सगळ्या निघाल्या की डबा मध्यम वेगाने निर्धास्त धावतो. त्यापुढे मोटारी शेजारी-शेजारी जोडल्या जातात, जाळ्या पुन्हा वाटेत येतात आणि पुन्हा एकेक करून निघतात. मधल्या नॉचवर रेंगाळायचं नाही, जाळ्या तापतात. घाई केली तर डबा हिसका देतो आणि उभी माणसं एकमेकांवर पडतात. दोन नॉचमध्ये किती थांबायचं हे डब्यागणिक बदलतं. ते शेजारी उभं राहून शिकवणाऱ्याकडूनच कळतं. मला ज्यांनी शिकवलं, त्यांना शिकवणाऱ्या माणसाने ऐन उमेदीत पगारावर ट्राम चालवली होती. माझ्या डाव्या हातात जे काही आहे ते असं आलेलं आहे, आणि मला त्याची मोठी जबाबदारी वाटते.

झाडी संपली की खाजण उघडं पडतं. फार्म नदीवरच्या पुलावर वेग कमी करायचा. चिखलात बगळे उभे असतात. ट्राम त्यांच्या सवयीची आहे, ते मानही वळवत नाहीत.

शॉर्ट बीचला रूळ संपतो. डबा वळत नाही, माणसंच दिशा बदलतात. कंडक्टर एक दांडा उतरवून दुसरा चढवतो, मी कंट्रोलर आणि ब्रेकचे दांडके काढून दुसऱ्या टोकाला जाते, आणि बाकांच्या पाठी पलीकडे लोटायचं काम मुलांना द्यायचं. खट् खट् खट् करत सगळा डबा तोंड फिरवतो. आईने आपल्या बाकाची पाठ स्वतःच लोटली.

दुपारी साडेबारा

डबा उघडला. पोळी, भेंडीची भाजी, लिंबाचं लोणचं. आई बोलायला लागली ती थांबेचना.

मी दादरला वाढले. बसचा कंडक्टर "टीटी, टीटी" ओरडायचा, आम्हीही टीटीला उतरायचो. टीटी म्हणजे ट्राम टर्मिनस, हे मला कॉलेजात गेल्यावर कळलं. ट्राम मी पाहिलीच नव्हती. आईने पाहिली होती. 31 मार्च 1964 च्या रात्री शेवटची ट्राम बोरीबंदरहून दादरला आली, तेव्हा ती बारा वर्षांची होती. वडिलांचा हात धरून ती रस्त्याच्या कडेला उभी होती. ट्रामला माणसं लगडलेली, पुढचं काही दिसत नव्हतं. "मला फक्त घंटा ऐकू आली," ती म्हणाली. "मोटरमन पायाने वाजवत होता, थांबतच नव्हता. बाबा म्हणाले, वाजवू दे त्याला."

तिला मी सांगितलं की मुंबईत ट्राम आणण्यात अमेरिकन माणसांचाच हात होता. 9 मे 1874 ला कुलाबा ते पायधुणी आणि बोरीबंदर ते पायधुणी अशा घोड्यांच्या ट्राम सुरू झाल्या, त्या चालवणाऱ्या स्टर्न्स आणि किटरिज यांच्या पागेत नऊशे घोडे होते. विजेची ट्राम 1907 मध्ये आली. आईने विचारलं, "मग आपल्याकडच्या मोटरमन लोकांनी कुणाला शिकवलं नाही?"

शिकवायला धावणारी ट्रामच उरली नव्हती. याचं मला खरंच वाईट वाटतं.

दुपारी दोन

ही पाळी दुसऱ्या मोटरमनची, म्हणून मी पाहुण्यांना शेडमध्ये घेऊन जाते. इथे 1888 चं विजेवर चालणारं मालगाडीचं छोटं इंजिन आहे. येल बोल मैदानावर फुटबॉलच्या सामन्याला निघालेल्या माणसांनी पायऱ्यांपर्यंत भरून जाणाऱ्या उघड्या ट्राम आहेत. आणि न्यू यॉर्क व न्यू जर्सी जोडणाऱ्या पाथ रेल्वेचा 745 क्रमांकाचा डबा आहे. 11 सप्टेंबर 2001 च्या सकाळी तो वर्ल्ड ट्रेड सेंटरखालच्या स्थानकात उभा होता. तिथे मी फार बोलत नाही. बोलक्या मुलांचाही आवाज तिथे आपोआप खाली येतो.

शेडच्या शेवटी दोघेजण एका डब्याचं छत नव्या किंतानाने मढवत होते. कापड ताणून खिळे मारायचे, मग रंगाचे थर. त्यांनी आईच्या हातात कापडाचं टोक दिलं. ती अर्धा तास ते धरून उभी राहिली.

दुपारी साडेचार

शेवटची फेरी. ऊन खाजणावर तिरपं पडलेलं. आई माझ्या मागच्याच बाकावर होती. शॉर्ट बीचहून परतताना पुलाच्या अलीकडे मी नियमाप्रमाणे घंटा वाजवली, आणि मागून तिचा हात माझ्या खांद्याला लागला, लगेच बाजूला झाला. मोटरमनला धक्का लावायचा नाही, हे तिला कुणी सांगितलं नव्हतं.

शेडमध्ये दांडा उतरवून आकड्यात अडकवला. कॉम्प्रेसर थांबला. हातब्रेक फिरवला, चाकाखाली लाकडी गुटका सारला. वहीत लिहिलं: तिसऱ्या नॉचवर ठिणगी पडते, कंट्रोलरची बोटं कानशीने घासायला हवीत.

"पुढच्या रविवारी आहे का गं ड्युटी?" आईने विचारलं.

"आहे."

"मग डबा जरा मोठा घेऊ. त्या छतवाल्या दोघांनी दिवसभर काही खाल्लं नव्हतं."