पायडल थांबल्यावर सायकल काय सांगते?

सायकल ताशी २० किलोमीटरच्या वेगाला न्यायची, पायडल मारणं थांबवायचं आणि वेग कसा उतरतो ते मोजायचं. कोस्ट-डाउन चाचणी ती एवढीच. मोटारींच्या तपासणीत ती रुळलेली आहे. सायकलीला मात्र ती छळते, कारण मोजायचं बळच किरकोळ असतं. स्वारासह ८५ किलोची साधी सायकल धरा. या वेगाला हवेचा विरोध साधारण ८ न्यूटन, टायरचा ५. दोन्ही मिळून सव्वा किलोच्या ओझ्याएवढंच!

मराठवाड्यातल्या सास्तूर गावच्या शिवारातला एखादा रस्ता १०० मीटरला अर्धा मीटर उतरता असला तरी डोळ्यांना सपाटच दिसतो. पण तेवढा उतार सायकलीला ४ न्यूटनांनी पुढे ढकलतो. टायरचा विरोध जवळजवळ झाकला जातो. म्हणून स्टॉपवॉचच्या आधी गवंड्याची पाण्याची नळी आणावी. १९९३ च्या भूकंपानंतर पुन्हा बांधलेल्या या गावात ती कुणाला नवी नाही. दर दहा मीटरला पातळी घेत गेलं की उतार कागदावर येतो.

आता एक गफलत, जी चांगले चांगले करतात. जाता-येता चाचणी घ्यायची आणि वेळेची सरासरी काढायची. सपाटीवर वेग ताशी १० किलोमीटरवरून ५ वर यायला आपल्या सायकलीला सुमारे २० सेकंद लागतील. त्या फसव्या रस्त्यावर उताराकडे ६० लागतात, चढाकडे १२. सरासरी ३६, म्हणजे साफ चूक. सेकंद बाजूला ठेवून दोन्ही दिशांना वेग दर सेकंदाला किती उतरला ते काढा आणि त्याची सरासरी घ्या. चढ-उतार एकमेकांना छेदतात.

वारा इतका सरळ वागत नाही. हवेचा विरोध वेगाच्या वर्गानं वाढतो, त्यामुळे सेकंदाला २ मीटरचा वारा असेल तर ताशी २० ला दोन्ही दिशांची सरासरी घेऊनही हवेचा विरोध १३ टक्के जास्त निघतो. वारा पडलेला असताना, पहाटेच चाचणी घ्यावी. शिवाय सास्तूरचं हे पठार समुद्रसपाटीपासून साधारण ६०० मीटर उंच. त्याच तापमानाला इथली हवा मुंबईपेक्षा सहा-सात टक्के विरळ. तिथला आकडा इथल्याशी थेट ताडू नये.

रिम, टायर, ट्यूब पुढेही जातात आणि फिरतातही, म्हणून वेग उतरण्यावरून बळ काढताना हिशेबात त्यांचं वजन दुप्पट धरायचं. फोनच्या जीपीएसवर विसंबू नका. चाकाच्या आरीला चुंबक आणि फोर्कला सेन्सर लावून प्रत्येक फेरीची वेळ घ्या. चाकाचा घेर छापील आकड्यावरून न घेता, स्वार बसवून, टायरवर खडूची खूण करून मोजा.

आणि निकाल कुणाला सांगाल तेव्हा टायरमधली हवा, तापमान आणि दोन्ही दिशांचे वेगवेगळे आकडे सोबत द्या.