बॅरिअ‍ॅट्रिक शस्त्रक्रियेआधी कोणती औषधं थांबवायची, कोणती नाही? समजून घ्या

सांगली/सातारा : वजन कमी करण्याच्या शस्त्रक्रियेची तारीख ठरली की चर्चा होते ती खर्चाची आणि पथ्याची. घरातल्या गोळ्यांच्या पिशवीचं काय? मधुमेहाचे डॉक्टर साताऱ्यात, रक्तदाबाची गोळी गावातल्या डॉक्टरांची आणि ऑपरेशन मिरज, सांगली किंवा पुण्यात. अशा वेळी पूर्ण यादी एकाही डॉक्टरकडे नसते. खरा धोका इथेच आहे.

आठवड्याचं इंजेक्शन
माउंजारो मार्च २०२५ मध्ये आणि वेगोव्ही जून २०२५ मध्ये भारतात आलं. या औषधांमुळे पोट सावकाश रिकामं होतं. त्यामुळे उपाशी राहूनही पोटात अन्न उरू शकतं आणि भूल देताना ते फुप्फुसात जाऊ शकतं. अमेरिकेतील भूलतज्ज्ञ संघटनेने २०२३ मध्ये आठवडाभर आधी इंजेक्शन थांबवायला सांगितलं होतं. २०२४ च्या सुधारित सल्ल्यानुसार बहुतेकांना ते चालू ठेवता येतं. मळमळ, उलटी होणाऱ्यांसारख्या जोखमीच्या रुग्णांना आदल्या दिवशी फक्त पातळ आहार दिला जातो. निर्णय भूलतज्ज्ञांचा.

‘फ्लोझिन’ गोळ्या
डापाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन किमान ३ दिवस आधी थांबवतात. नाहीतर साखर फारशी वाढलेली नसतानाही रक्तात आम्ल वाढू शकतं. शस्त्रक्रियेआधीचा कमी उष्मांकाचा आहार सुरू होतानाच याबद्दल विचारा.

इन्सुलिन, ग्लिमेपिराइड
यकृताचा आकार कमी व्हावा म्हणून साधारण २ आठवडे हा आहार देतात. खाणं घटलं आणि डोस तोच राहिला, तर साखर अचानक उतरते. घाम, थरथर, चक्कर ही त्याची लक्षणं.

मनाने बंद करू नका
स्टेंटनंतरची रक्त पातळ करणारी गोळी, रक्तदाबाची औषधं, थायरॉईडची गोळी, स्टिरॉईड. यातली काही अचानक सोडली तर जिवावर बेतू शकतं.

हेही सांगा
गर्भनिरोधक गोळ्यांमुळे रक्ताची गुठळी होण्याचा धोका वाढतो. मेडिकलमधून घेतलेल्या वेदनाशामक गोळ्यांनी शस्त्रक्रियेनंतर पोटात अल्सर होऊ शकतो. काढे, चूर्ण, वजन घटवण्याच्या पावडरीही लपवू नका.

काय कराल?
प्रत्येक गोळीच्या पाकिटाचा मोबाईलवर फोटो काढा. डोस आणि शेवटचा कधी घेतला ते लिहा. तारीख ठरते त्याच दिवशी सर्जन आणि भूलतज्ज्ञ दोघांनाही दाखवा. प्रत्येक औषधापुढे ‘चालू’ की ‘बंद’ आणि कधीपासून, हे त्यांच्याकडूनच लिहून घ्या.