शरीराचे निरोप (लेखांक ७) : तीस की वीस?

काकूंची तक्रार टीव्हीच्या आवाजाबद्दल नव्हती. "टीव्ही मोठा लावतात, लावू देत," त्या म्हणाल्या. "पण परवा भाजीवाल्याने मेथीचे तीस सांगितले, यांनी वीस काढून दिले आणि वर त्याच्याशीच भांडले. हे भांडणारे नाहीत हो डॉक्टर." शेजारी बसलेले काका मान हलवत हसत होते. काकू काय बोलल्या ते त्यांना कळलेलंच नव्हतं. माझ्या चेहऱ्याकडे बघून ते हसत होते.

काकांनी ३२ वर्षं एसटी चालवली. घरच्यांनी निदान आधीच करून टाकलं होतं : इंजिनाच्या आवाजाने कान गेले आणि आता वयही झालं. वय किती, तर ६१.

कान जाणं म्हणजे सगळेच आवाज बारीक होणं, असं आपण धरून चालतो. सुरुवात बहुधा तशी होत नाही. आ, ओ, ऊ हे स्वर खालच्या पट्टीतले आणि दणकट, ते ऐकू येत राहतात. त, स, श, फ यांचे आवाज वरच्या पट्टीतले आणि मुळातच क्षीण, ते आधी निसटतात. मग 'सात' आणि 'हात' सारखेच वाटू लागतात. "आवाज येतो हो, पण शब्द कळत नाही," हे वाक्य घरात कोणी म्हणालं, तर त्याला 'लक्ष नसतं तुमचं' असं उत्तर कृपा करून देऊ नका. ते लक्षण आहे.

आतल्या कानात वाटाण्याएवढी, गोगलगायीच्या शंखासारखी अडीच वेढ्यांची एक नळी असते. तिला कॉक्लिया म्हणतात. आवाज टिपणाऱ्या केसपेशी तिच्यात असतात, एका कानात साधारण १५ ते १६ हजार. डोळ्याच्या पडद्यावर प्रकाश टिपणाऱ्या पेशी १२ कोटींच्या आसपास, हे लक्षात घेतलं म्हणजे कानाची शिल्लक किती थोडी आहे ते कळेल. आणि माणसाची मेलेली केसपेशी परत उगवत नाही.

या नळीला रक्त पुरवते ती बहुतेकांत एकच बारीक रोहिणी. हाताची एक रक्तवाहिनी अडली तर शेजारच्या वाटांनी थोडं तरी रक्त पोचतं. इथे तशी आडवाट नाही. नळीच्या भिंतीत केशवाहिन्यांचं दाट जाळं आहे. तिथल्या पेशी रात्रंदिवस पोटॅशियम आत ढकलत राहतात आणि आतल्या द्रवात सुमारे ८० मिलिव्होल्टचा विद्युतदाब टिकवतात. केसपेशी चालतात त्या याच विजेवर. ज्यांची शेतं कालव्याच्या टेलला आहेत त्यांना हे जास्त समजावून सांगावं लागणार नाही. वर पाणी कमी झालं की पहिला कोरडा पडतो तो टेल. रक्तातली साखर वर्षानुवर्षं वाढलेली राहिली की केशवाहिन्यांच्या भिंती जाड होतात. रक्तदाब आणि तंबाखू त्यांना आपल्या परीने अरुंद करतात. हृदयाला किंवा पायांना त्याचा त्रास जाणवायच्या आधीच हा टेल सुकू लागलेला असू शकतो.

अमेरिकेत २० ते ६९ वयाच्या पाच हजारांहून अधिक लोकांच्या श्रवणचाचण्या तपासून २००८ साली एक अभ्यास प्रसिद्ध झाला. मधुमेह असलेल्यांत बहिरेपण जवळपास दुप्पट आढळलं. ज्यांची साखर अजून मधुमेहाच्या उंबरठ्यावरच होती, त्यांच्यातही ते ३० टक्क्यांनी जास्त होतं.

याच्याही खूप आधी एका माणसाला हा धागा दिसला होता. न्यूयॉर्कचे कानाचे शल्यचिकित्सक सॅम्युएल रोझेन १९६० च्या सुमारास सुदानमधल्या माबान लोकांकडे गेले. त्यांच्या वस्त्या शांत, गोंगाट जवळपास नाहीच. तिथल्या म्हाताऱ्यांचे कान अमेरिकेतल्या त्याच वयाच्या लोकांपेक्षा कितीतरी तल्लख निघाले. आता शांतता हेच कारण, असं म्हणून रोझेन थांबले असते तर चाललं असतं. पण त्यांनी रक्तदाबही मोजला होता आणि माबान लोकांत तो वयाबरोबर चढत नव्हता. पुढे ते आहार आणि रक्तवाहिन्या यांच्याकडे वळले ते यामुळेच. एका जमातीच्या पाहणीवरून सिद्ध काहीच होत नाही, तरी कानाच्या डॉक्टरने दंडाला रक्तदाबाचा पट्टा बांधावा हे मला फार मोलाचं वाटतं.

काकांकडे परत येतो. कानात मळ होता, तो आधी काढला. पुष्कळांचं काम तेवढ्यावरच भागतं. मग ऑडिओमेट्री केली : बंद खोली, कानांवर हेडफोन, 'टूं' असा आवाज आला की बटण दाबायचं. गोंगाटाने गेलेल्या कानाच्या आलेखात ४,००० हर्ट्झच्या जवळ खड्डा दिसतो. काकांचा तो होताच. पण खालच्या पट्ट्यांतली रेघही दोन्ही कानांत सारखीच उतरलेली होती. नुसत्या इंजिनावर ते भागेना. "साखर कधी तपासली होती?" काकूंनी त्यांच्या कानाशी जाऊन विचारलं. नोकरीत असताना कधीतरी, असं उत्तर आलं. दुसऱ्या दिवशी उपाशीपोटी साखर १९६ आणि तीन महिन्यांची सरासरी ८.७ निघाली. रक्तदाब १६० वर १००. घरात कुणालाही पत्ता नव्हता.

काकांचे कान साखरेनेच गेले असं मी म्हणणार नाही. इंजिनाचा वाटा आहे, वयाचा आहे, आणि एका माणसाच्या बाबतीत हे हिस्से वेगळे काढून दाखवता येत नाहीत. साठीच्या आत-बाहेर कान मंदावले तर साखर, रक्तदाब, कोलेस्टेरॉल आणि क्रिएटिनिन बघून घ्यावं, एवढंच माझं म्हणणं. क्रिएटिनिन यासाठी की कान आणि मूत्रपिंड दोघेही क्षारांची ने-आण करूनच जगतात, आणि क्षयावरच्या काही जुन्या इंजेक्शनांसारखी औषधं दोघांनाही दुखावतात.

स्मृतिभ्रंशाबद्दल बरेच वाचक विचारतात. टाळता येण्याजोग्या १४ कारणांच्या यादीत लॅन्सेटच्या तज्ज्ञगटाने २०२४ मध्येही बहिरेपण ठेवलं आहे. श्रवणयंत्र लावलं की तो टळतो, असं मात्र सरसकट सांगता येत नाही. अमेरिकेत ७० ते ८४ वयाच्या ९७७ लोकांवर तीन वर्षं चाचणी झाली. सगळ्यांचा मिळून फरक दिसला नाही, पण ज्यांना आधीपासून धोका जास्त होता त्यांच्यात बुद्धीची घसरण ४८ टक्क्यांनी मंदावली.

एका बाबतीत मात्र वाट पाहूच नका. सकाळी उठावं आणि एक कान अचानक बंद, त्यात शिट्टीसारखा आवाज. आपल्याकडे 'दडा बसलाय' म्हणून लसणाचं तेल घालतात आणि आठवडा जातो. हा कानाच्या नसेचा झटका असू शकतो. स्टेरॉइडचा उपयोग पहिल्या काही दिवसांत सर्वांत जास्त होतो, दोन आठवड्यांनंतर आशा झपाट्याने कमी होते. तैवानच्या २००८ च्या एका अभ्यासात अशा रुग्णांना पुढच्या पाच वर्षांत पक्षाघाताचा धोका १.६४ पट आढळला. बरोबर चक्कर, बोबडं बोलणं किंवा तोंड वाकडं होणं असेल तर कानाच्या डॉक्टरकडेही थांबू नका, थेट मोठं रुग्णालय गाठा.

काकांना गोळ्या सुरू झाल्या आणि दोन्ही कानांना यंत्रं बसली. यंत्र लावल्यावर ते पहिल्यांदा दचकले ते माझ्या हातातल्या केसपेपरच्या कुरकुरण्याने. तीन महिन्यांनी सरासरी साखर ७ वर आली. कानाचा आलेख होता तिथेच आहे. गेलेलं परत येणार नाही हे मी त्यांना पहिल्याच दिवशी सांगितलं होतं.

निघताना मी काकूंना विचारलं, तुमची साखर शेवटची कधी बघितली? त्या जरा आठवत राहिल्या. "धाकट्याच्या बाळंतपणात." धाकटा त्यांना न्यायला बाहेर रिक्षा घेऊन आला होता. तो ३४ वर्षांचा आहे. मी तंत्रज्ञाला सुई घेऊन आत बोलावलं.

(पुढील आठवड्यात : तळपायांची आग)